विभूती लावलेली डिस्क

४ डिसेंबर २०२४, बुधवार

वकील म्हणला, अप्पा, रोज काय घडलं ते लिहून ठेवत जा, केस उभी राहिली की उपयोगी पडतं. खताच्या दुकानदारानं फुकट दिलेली डायरी पडून व्हती, ती काढली. माझं शिक्षण पाचवी. बोलतो तसंच लिहिणार.

काल दुपारी काट्यावर चार जण आले. आमचा वजनकाटा उमरग्याच्या बाहेर, हायवेला. केबिनीत गोरोबा एकटाच. काटा चालू झाल्यापासून तोच बघतो. वीरभद्र खडीवाल्याच्या गाड्या ठासून भरून येतात आन् कमी वजनाची पावती मागतात. गोरोबा देत न्हाय, कारण म्या सांगितलंय देऊ नको. चौघांनी त्याचा उजवा हात केबिनीच्या लोखंडी दारात घातला आन् दार लावलं. उघडलं, परत लावलं. बोटं कशी झाली ते लिहीत न्हाय.

जाताना कॅमेऱ्याचा डबा बी उचलून नेला. डबा पोत्यांच्या मागं भिंतीत लपवलेला. इकडं तिकडं न बघता सरळ तिथंच गेले म्हणं. कसं कळलं कुत्र्यांना, काय माहीत.

मल्लेश सोलापूरला गेलेला. संध्याकाळी आला आन् म्हणला, "अप्पा, काटा वीरभद्रला भाड्यानं देऊन टाकू. कटकट संपंल."

म्या म्हणलं, "माझी तिरडी उचल, मग दे."

एकुलता एक पोरगा, पण काळीज सशाचं.

७ डिसेंबर, शनिवार

गोरोबाला आमच्याच घरी आणलं. त्याचं गाव लांब, हात प्लास्टरमधी. सोप्यात बाज टाकून दिली. त्याची बायको सारजाबाई बी संगट हाय.

सून शिवलीला म्हणली, "मामा, डबा काट्यावर ठेवला की ते नेणारच. आपण घरात सर्व्हर बसवू. कॅमेरे काट्यावर, पण चित्र सगळं घरातल्या डिस्कंवर. केबिन जाळली तरी पुरावा ऱ्हाईल."

पोरीचा कॉम्प्युटरचा डिप्लोमा झालेला हाय. आमच्या घरात येऊन तो चुलीत गेला, ही गोष्ट वेगळी. म्या म्हणलं, आण काय आणायचं ते, पण उद्या चालू झालं पायजे.

तिच्या गालावर काळं-निळं दिसलं. म्हणली कपाटाचं दार लागलं. ह्या घरातली कपाटं खालवर करून घेतली पायजेत, लई लागतात तिला.

१० डिसेंबर, मंगळवार

सोलापूरहून सामान आलं. एक काळी पेटी, तिच्यात घालायला तीन डिस्का. विटेएवढी एकेक, हातात जड. दोन नव्या, एक जुनी.

म्या म्हणलं, "घाल आन् लाव."

"न्हाय मामा. आधी तपासायच्या. पहिल्या जागेपासून शेवटच्या जागेपर्यंत भरायच्या, मग वाचून बघायचं लिहिलं तेच हाय का. एकेकीला दीड-दोन दिवस लागतात."

"नव्या डिस्का! दुकानदारानं काय बघून दिल्या न्हायती का?"

"तुम्ही बैल घेताना काय करत व्हता?"

ह्या पोरीला कुणी सांगितलं काय माहीत. बैल घ्यायचा तर नुसते दात बघून म्या कधी पैसे दिले न्हायत. गाडीला जुपायचा, गाडीत दगड भरायचा, वढ्याचा चढ चढवायचा. गुडघा टेकला की माघारी. पण बैल तासाभरात कळतो. दोन दिवस बैल पळवला तर मरंल.

मल्लेश बाजूला उभा व्हता. म्हणला, "पेटी ठेवणार कुठं?"

ती म्हणली, "बघू."

तो म्हणला, "बघू म्हणजे? सांग ना."

बाईमाणसाला चार शब्द नीट बोलायला काय होतं? म्याच सांगितलं, पुढच्या खोलीत टेबलावर.

१३ डिसेंबर, शुक्रवार

जुनी डिस्क नापास. आतनं टक टक वाजत व्हती. शिवलीलानं तिच्यावर फुली मारली. म्हणली, "हिच्यात आत्ताच जागा मेल्यात. वरनं धडधाकट दिसती, पण वेळ आली की दगा देणार."

म्या म्हणलं, थोड्या मेल्या तर मेल्या, बाकीच्या हायत की.

म्हणली, "एकदा मरायला लागली की थांबत न्हाय मामा."

आन् माझ्याकडं न बघता मल्लेशच्या चपलांकडं बघत बसली. वेळ काढायची सवय लागली ह्या पोरीला. तोवर काट्यावर कॅमेरा न्हाय, म्या सोता टॉमी घेऊन बसतो. ट्रकचं टायर काढायची दांडी, पाच किलोची. माझा कॅमेरा तोच.

१८ डिसेंबर, बुधवार

दोन्ही नव्या पास झाल्या. म्हणलं आता एकीवर काटा दिसंल, दुसरीवर घराचं फाटक दिसंल. तर ही म्हणती दोन्ही डिस्कंवर एकच चित्र ठेवायचं. एक मेली तरी दुसरी ऱ्हाते.

म्या म्हणलं, "मग अर्धे पैसे पाण्यात की."

हसली. लई दिसांनी हसली.

म्या दोन्ही डिस्कंवर तीन बोटांनी विभूतीचे पट्टे ओढले. आमच्याकडं मोटार आली तरी, मिक्सर आला तरी ओढतो. ती म्हणली मामा, भोकात जाऊ देऊ नका.

एक कॅमेरा तिनं सोप्यात घड्याळाच्या मागं बी बसवला. म्या बघितलं.

"हे कशाला? घरात कोण चोर हाय?"

"असू द्या मामा. पण ह्यांना सांगू नका. चिडतात."

नवऱ्यापासनं लपवून कॅमेरा. असला नखरा मला आवडत न्हाय, पण त्यात पडलो न्हाय.

२० डिसेंबर, शुक्रवार

वीरभद्र सोता काट्यावर आला. पेढ्याचा बॉक्स घेऊन. खुर्चीत बसला, पाय पसरले.

"अप्पा, वय झालं तुमचं. गोरोबाचा हात बरा हाय का? जेवायचाच हात व्हता न्हवं?"

म्या उठलो. टॉमी उचलला आन् पसरलेल्या पायावर घातला. नडगीवर बसला. रेड्यागत वरडला. दुसरा घातला तो खुर्चीवर, खुर्ची फुटली. तिसरा डोक्यातच जाणार व्हता, पण मल्लेशनं मागनं येऊन मला कवळ्यात धरलं. दोन्ही हात आवळून धरले. तेवढ्यात वीरभद्र लंगडत उठला आन् माझ्या तोंडावर चार हाणल्या. दात हालला. पाचवी हाणणार व्हता, तर मल्लेश म्हणला, "बास की आता."

पोरानं धरलं म्हणून खून झाला न्हाय. पण लई घट्ट धरलं येड्यानं, बरगडी अजून दुखती. पेढे कुत्र्याला घातले.

घरी आलो तर गोरोबा म्हणला, "मालक, एक सांगायचं व्हतं. त्या दिवशी दार लावायच्या आधी त्यातल्या एकानं फोन लावला व्हता. पलीकडचा आवाज म्या..."

तेवढ्यात मल्लेश पाणी घेऊन आला. गोरोबा गप झाला. म्या म्हणलं बोल की, तर म्हणला, "पोलिसात जबाब देतानाच सांगतो मालक. येळवशीची अमावस्या झाली की जातो." कण्हत व्हता बिचारा.

२४ डिसेंबर, मंगळवार

पेटी सारखी घुर्रर करती. दुपारी डोळा लागत न्हाय. मल्लेश गाडी घेऊन हैदराबादला, शिवलीला बाजारात. म्या पेटी चालूच्या चालू उचलली, वायरी संगट, आन् देवघरात नेली. तिथं बॅटरी हाय. त्र्याण्णवच्या भूकंपात तारा पडून शेजारचं घर पेटलं, तवापासनं घर सोडताना मेन स्विच पाडायचा माझा नेम. पण देवाचा दिवा इझू नये म्हणून देवघराला वेगळी बॅटरी लावलेली. म्हणलं वायर तिथंच खोचावी. पेटी हातातनं निसटली आन् फरशीवर दाणकन आदळली.

शिवलीला आली. पेटीला कान लावला. तिचा चेहराच उतरला.

"मामा, चालू असताना हलवायची नसते! आत तबकडी गरागरा फिरती. एक गेली. चांगली पास झालेली डिस्क मारली तुम्ही."

सुनेनं असं बोलायचं? पण पेटी पाडली म्याच. दुसरी चालू हाय म्हणली. मेलेली काढून तिनं देवघराच्या फडताळात ठेवली. मग जरा विचार केला आन् म्हणली, "ऱ्हाऊ द्या इथंच. टेबलावर माझा जुना बंद कॉम्प्युटर ठेवते. पेटी हलवली हे कुणाला बोलू नका. ह्यांना पण."

परत तेच.

२९ डिसेंबर, रविवार

उद्या येळवस. घरात भज्जीचा घमघमाट, वटाणा, तूर, वालाच्या शेंगा, सगळं एका पातेल्यात. आंबील लावून ठेवली. उद्या गावात चिटपाखरू ऱ्हात न्हाय, सगळे रानात.

गोरोबाला ताप. तो घरीच ऱ्हाणार. सारजाबाई म्हणली मी बी थांबते. मल्लेश म्हणला, "जा तुम्ही काकू, वर्षाचा सण. मी मधी येऊन बघून जाईन."

पोरगं मनानं चांगलं हाय.

शिवलीलाचा हात मनगटापाशी सुजलाय. पातेलं उचलताना मुरगळला म्हणली.

३० डिसेंबर, सोमवार, येळवस

सगळं रांगेनं लिहितो.

सकाळी निघताना मल्लेशनं आठवण केली, "अप्पा, मेन पाडा." गोरोबा म्हणला, "पाडा मालक, मला दिवसा लाईट कशाला." म्या पाडला. त्याच्यासाठी भज्जी-भाकरीचं ताट झाकून ठेवलं.

रानात कडब्याची खोप केली, पांडव पुजले, आंबील शिंपली. जेवायला बसणार तेवढ्यात मल्लेश म्हणला दही ऱ्हायलं, घेऊन येतो. गोरोबाला बी बघतो. बऱ्याच वेळानं आला. अंगात दुसरा शर्ट. म्हणला भज्जी सांडली अंगावर. गोरोबा झोपलाय म्हणला. दही आणायचं इसरला. आन् जेवला मात्र पोटभर, तिनदा वाढून घेतलं.

ऊन उतरल्यावर घरी आलो. फाटक उघडं. सारजाबाई पुढं गेली आन् तिची किंकाळी आली.

गोरोबा बाजेखाली. डोकं फुटलेलं. प्लास्टरचा हात वर धरला असणार, प्लास्टरचा चुरा सोप्यात सगळीकडं. ताट उपडं. भिंतीला डोक्याच्या उंचीपर्यंत रक्त. टेबलावरचा कॉम्प्युटर घणानं फोडल्यागत सपाट केलेला, आतलं सामान उचलून नेलेलं.

जीव व्हता. सोलापूरला हलवलं. मल्लेशनंच गाडी चालवली, सुसाट.

३१ डिसेंबर, मंगळवार

हवालदार आला. म्या सांगितलं, कॅमेरे व्हते, पण मेन म्याच पाडला. त्यानं लिहून घेतलं, पुरावा न्हाय. मल्लेश म्हणला, "अप्पाची सवय हाय साहेब, भूकंपापासनं." हवालदार माझ्याकडं बघून मुंडी हालवत गेला.

वीरभद्रला फोन लावून म्या शिव्या घातल्या, घशातनं रक्त येईपर्यंत. तो नुसता हसला.

२ जानेवारी २०२५, गुरुवार

गोरोबा गेला. शुद्धीवर आलाच न्हाय.

सारजाबाई रडली न्हाय. माझ्यापुढं येऊन उभी ऱ्हायली आन् म्हणली, "मालक, तुमच्या घरात मारला."

३ जानेवारी, शुक्रवार

मल्लेश वीरभद्रला भेटायला गेला. मिटवतो म्हणला. तो फाटकाबाहेर पडला तशी शिवलीलानं मला देवघरात बोलावलं आन् आतनं कडी लावली.

"मामा, पेटी चालूच व्हती. तुम्ही मेन पाडला, पण इथं बॅटरी. कॅमेऱ्याला करंट पेटीतूनच जातो."

"आन् तू इतके दिवस गप?"

"तुम्ही फोडाल म्हणून."

"म्या कशाला फोडीन?"

तिनं पडदा माझ्याकडं वळवला. लावून दिलं.

गोरोबा बाजेवर बसून डाव्या हातानं भाकरी खातोय. दार उघडतं. मल्लेश. गोरोबा त्याला बघून उठायला लागतो, जेवायला या म्हणतो. मागनं दोघं जण. मल्लेश त्याच्या खांद्यावर हात ठेवून बसवतो. तांब्या उचलून देतो. गोरोबा पाणी प्यायला मान वर करतो. तवा डोक्यात घालतो. माझा टॉमी. काट्यावरनं आणलेला माझाच टॉमी.

ते दोघं नुसतं दार धरून उभे व्हते. सगळं ह्यानंच केलं.

म्या म्हणलं बंद कर. तिनं न्हाय केलं. मागं नेलं. नाताळानंतरचा एक दिवस. तोच सोपा. मल्लेश हिला केसाला धरून फरफटत नेतोय, मनगट पायाखाली घेऊन उभा ऱ्हातोय. ती तोंड उघडती, पण आवाज काढत न्हाय. म्या तवा वर माडीवर व्हतो. बातम्या बघत. आवाज मोठा करून.

ती म्हणली, "मी दिलं तर लोक म्हणतील बायकोनं नवऱ्याला अडकवलं, कॉम्प्युटरवर बनवलं. तुम्ही दिलं तर कुणी बोलणार न्हाय. दुसरी डिस्क तुम्हीच मारली. आता ही एकच हाय. पोरगा तुमचा हाय मामा. तुमच्या हातात देते."

चालू पेटी तिनं आधी नीट बंद केली. मग डिस्क काढली आन् माझ्या हातात ठेवली. गरम व्हती.

म्या कोपरीच्या आतल्या खिशात घातली. पोटाला लागून. आत्ता लिहितोय तवा बी लागतीया.

जेवलो न्हाय. काय करावं कळत न्हाय. त्याला म्या नांगराच्या फाळापाशी बसून चालायला शिकवलंय.

४ जानेवारी, शनिवार

उमरगा ठाण्याच्या बाकड्यावर बसून लिहितोय.

सकाळी अंघोळ करत व्हतो. घरात काय तरी पडलं. ओल्या अंगानं बाहेर आलो. देवघराचं दार मोडलेलं. मल्लेशनं शिवलीलाचा गळा धरला व्हता, भिंतीला टेकवून, पाय जमिनीवरनं उचललेले. रिकामी पेटी त्याच्या पायाशी.

"डिस्क कुठाय? सांग रांडं! वीरभद्र म्हणला टेबलावरच्या डबड्यात डिस्कच न्हाय!"

तिचे डोळे पांढरे झालते. माझ्याकडं बघत व्हती, पण बोट माझ्याकडं केलं न्हाय. मेली असती तरी केलं नसतं.

म्या म्हणलं, "सोड तिला. माझ्याकडं हाय."

त्यानं सोडली. ती पोत्यागत खाली पडली.

"अप्पा, द्या. गोरोबा माझं नाव घेणार व्हता. काटा गेला असता, घर गेलं असतं. तुमच्यासाठीच..."

"बघितलंय म्या." फडताळात हात घातला आन् डिस्क काढली. विभूतीचे पट्टे तसेच व्हते. "ही बघ. ह्यातच हाय सगळं."

कोपऱ्यातला घण घेतला. डिस्क उंबऱ्यावर ठेवली. पहिल्या घावाला वाकली, दुसऱ्याला फुटली. आतनं आरशागत तबकड्या निघाल्या, त्याच्यात माझं तोंड दिसलं. तिसरा, चौथा, पाचवा. उंबऱ्याचा टवका गेला. हात थांबेना. मनात काय व्हतं ते लिहीत न्हाय. त्याचं डोकं घणापासनं हातभर लांब व्हतं, एवढंच लिहितो.

मल्लेश माझ्या पायावर पडला. रडला. "अप्पा, मला माहीत व्हतं. शेवटी बाप तो बाप." तबकड्यांचे तुकडे सोता गोळा केले त्यानं. मग तोंड धुतलं आन् म्हणला, "ताट कर गं. भूक लागली."

तिनं ताट केलं. गळ्यावर पाच बोटं उठलेली, तसल्यात भाकरी थापली. तो जेवायला बसला. जेवण झालं का अप्पा म्हणून मलाच ईचारलं. म्या म्हणलं जेव तू. त्याच्या ताटात सोता तूप वाढलं. बाहेर आलो, कोपरी अंगात घातली, खिसा चाचपला. शिवलीलाला खूण केली. ती मागच्या दारानं आली. पुढच्या दाराला बाहेरनं कडी घातली, मागच्याला कुलूप. खिडक्यांना गज म्याच बसवलेले, भूकंपानंतर.

रस्त्यात ती एकच बोलली. "मामा, मेलेली फोडली व्हय?"

म्या म्हणलं, "व्हय."

रस्त्यात सारजाबाईला हाक मारली. ती बी आली.

जीप घराकडं जाऊन आली. मल्लेशला ठाण्याच्या मागच्या दारानं आत नेलं. म्या बघितलं न्हाय. आवाज आला, अप्पा, अप्पा. शिवलीला बाकड्यावर माझ्या शेजारी ताठ बसलीया, सारजाबाई तिच्या पलीकडं.

आत साहेबानं डिस्क लावली. एक पोरगेला फौजदार बाहेर आला आन् म्हणला, "आजोबा, तुम्ही सांगितलेला महत्त्वाचा भाग बघितला. पण पूर्ण डिस्कची नक्कल करून तपासायला लई वेळ लागंल. घरी जा, उद्या या."

म्या म्हणलं, "लागू दे वेळ. पहिल्या जागेपासून शेवटच्या जागेपर्यंत बघा. हिला मारलेलं बी बघा. एक बी जागा सोडू नका. आमी बसतो हितंच."